जांभळी रेघ

गुन्वोरने दिव्याचा दांडा पुढे ढकलला आणि प्रकाशाची उभी चीर स्टाइनारच्या डाव्या डोळ्यावरून सावकाश सरकवली, कपाटाखाली गेलेली सुई शोधावी तशी.

"श्वास घे रे बाबा. खांदे कानाला लागलेत तुझे. मी अजून काही केलेलंसुद्धा नाही."

"घेतोय की."

"आणि इकडेतिकडे बघू नकोस. माझ्या उजव्या कानाकडे बघ. सगळे म्हणतात, चांगला आहे."

स्टाइनार हसला आणि त्याचे खांदे खाली आले. एकतीस वर्षांचा, दाराएवढा रुंद माणूस. तळहातांच्या रेघांत गोदीचं काळं कायमचं बसलेलं. माणूस जितका आडदांड तितका तो डोळ्याला घाबरतो, हे गुन्वोरने या खुर्चीसमोर बसून बसून ओळखलं होतं. बारीक चणीच्या बायका येतात, कोट काढतात आणि आडव्या होतात. असल्या गड्यांना मात्र हनुवटी टेकवायला दोनदा सांगावं लागतं.

चीर एका जागी थांबली. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, खाली, नाकाच्या बाजूला, एक करडा ठिपका होता. टाचणीच्या टोकाहूनही लहान.

"हे काय लागलं होतं?"

"लोखंड घासताना उडालं. एकोणीस वर्षांचा होतो. गोदीतल्या डॉक्टरने सुईने काढलं."

"संरक्षक चष्मा नव्हता?"

"होता ना. डोक्यावर."

गुन्वोरने मान हलवली आणि कोटाच्या खिशातून वही काढली. नव्या संगणकात प्रत्येक डोळ्याचे चोवीस आकडे भरायची सोय होती, पण चित्राला जागा नव्हती. म्हणून ती अजून वहीत काढायची: पेन्सिलीने एक वर्तुळ, आत दुसरं, आणि जे दिसेल ते. वर्तुळाच्या खालच्या डाव्या बाजूला, घड्याळात सात वाजतात तिथे, तिने ठिपका दिला. शेजारी लिहिलं, 'जुना डाग, वरच्याच थरात, मधोमध नाही, काळजी नको.' अशा सव्वीस वह्या घरी कपाटात होत्या. तिचा नवरा म्हणायचा, लोकांच्या घरी कुटुंबाचे फोटो असतात, आमच्याकडे अनोळखी माणसांचे डोळे आहेत.

"शस्त्रक्रिया आत्ताच कशाला करून घेतोयस?" तिने विचारलं. "इतकी वर्षं चष्म्याने भागलंच की."

"बचावनौकेवर माणसं घेतायत. चाचणी जूनच्या अखेरीला. गेल्या वर्षी चष्म्यामुळे परत पाठवलं." स्टाइनारने चष्मा हातात फिरवला. "बरोबरच होतं त्यांचं. काचेवर खारं पाणी उडालं की मला माझा हात दिसत नाही. पण आमच्या बेटावरनं आता तिथे कोणीच उरलं नाही. वडील होते, ते थकले."

तेवढ्यात भिंतीपलीकडून हसू आलं. आधी एक बारीक, मग एक जाड. बारीक सुन्निवाचं. जाड डॉक्टर हालवर्डचं. हालवर्ड हसताना शेवटी खोकायचा, आणि तो खोकला येईपर्यंत हसवणं सोपं नव्हतं. गुन्वोरला ते वर्षातून चारदा जमायचं. आज गुरुवार होता, आणि हा या आठवड्यातला तिसरा खोकला होता.

तिने पेन्सिल खाली ठेवली, जरा जोरातच.

*

फेब्रुवारीत ती क्लिनिकच्याच पायरीवर बर्फावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. सहा आठवडे प्लास्टर. बदलीला बर्गनहून सुन्निवा आली, अठ्ठावीस वर्षांची, उंच, जिच्या हातून काही सांडत नाही अशी. ईस्टरनंतर गुन्वोर परतली तेव्हा शस्त्रक्रियेच्या खोलीत मायक्रोस्कोपच्या उजव्या हाताला असलेलं स्टूल चार बोटं वर चढवलेलं होतं.

चौदा वर्षं ते स्टूल तिच्या मापाचं होतं. त्यावर बसून तिने हालवर्डच्या हातात नेमकी हवी ती वस्तू, त्याने मागायच्या आत ठेवली होती.

"तू काही दिवस बाहेरची तपासणी बघ," हालवर्ड म्हणाला होता. "मनगटाला आराम पडेल. स्टूल काही पळून जात नाही."

तो हे प्रेमाने म्हणाला, हेच तर वाईट होतं. कोणी हाकलून दिलं तर माणूस भांडतो तरी. काळजीने बाजूला केलं की आभार मानावे लागतात. गुन्वोरने आभार मानले.

बरं, सुन्निवात खोट काढावी तर तीही सापडेना. ती वेळेवर यायची. पेशंटांना नावाने हाक मारायची. ब्रेडवर तपकिरी चीज घालून खाता खाता गुन्वोरलाच विचारायची, "तू असतीस तर हे कसं केलं असतंस?" आणि गुन्वोर सांगायची, पण थोडं कमी सांगायची. मीठ राखून स्वयंपाक करावा तसं. पहिल्याच आठवड्यात सुन्निवा म्हणाली होती, "मला तुझ्यासारखं काम यायला दहा वर्षं लागतील." गुन्वोरने घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "बघितलंस? दहा वर्षं राहायचा विचार आहे तिचा."

*

स्टाइनारला तयारीच्या खोलीत पाठवून ती संगणकापाशी बसली. चोवीस आकडे भरले. डावा डोळा जरा चपटा आहे, हे तिने खाली वेगळं लिहिलं. मग पुन्हा ते हसू आलं, या वेळी तिघांचं, कारण आता स्टाइनारही हसत होता. गुन्वोर उठली.

तयारीच्या खोलीत स्टाइनार ताठ बसला होता. हालवर्ड हात धुवायला गेला होता. सुन्निवा जांभळ्या शाईचं बारीक पेन घेऊन त्याच्या उजव्या डोळ्यावर वाकली होती. बुबुळाच्या कडेवर ती दोन रेघा ओढत होती, एक लांब, एक आखूड. ही गुन्वोरची पद्धत. शस्त्रक्रियेत डोळ्याच्या वरचा एक पातळ, गोल पापुद्रा कापून उचलतात. एका बाजूने तो जोडलेलाच राहतो, पुस्तकाचं पान उलटावं तसा. मग खाली लेसर मारायचा आणि पान मिटायचं. पण पान चुकून सुटलंच, तर ते कुठल्या बाजूने परत बसवायचं हे कळायला हवं. अर्धी रेघ पापुद्र्यावर, अर्धी बाहेर. जुळवली की झालं. हालवर्डच्या हातून आजवर एकही पापुद्रा सुटला नव्हता. तरी गुन्वोर रेघा काढायची, आणि सुन्निवाने ते काही न विचारता उचललं होतं.

"माझा वॉफलचा साचा कुठे गेला?" गुन्वोरने दारातून विचारलं.

सुन्निवाने मान वर केली. "कुठला?"

"कुठला म्हणजे? किती साचे आहेत इथे? खालच्या कपाटात असतो. चौदा वर्षं तिथेच आहे."

क्लिनिकमध्ये वॉफल दर शुक्रवारी होत. आज गुरुवार. साचा तिला त्या घटकेला कशालाही लागणार नव्हता, आणि हे तिला दारात उभी असतानाच कळत होतं.

"अगं, तो होय! मी वरच्या फळीवर ठेवला. खाली वाकून उचलताना तुझ्या मनगटावर जोर येईल म्हणून."

"मला विचारायचं होतंस."

"चुकलं. थांब, दाखवते." सुन्निवाने पेनाला टोपण लावलं, उठली, पलीकडच्या स्वयंपाकघरात जाऊन साचा काढून दिला. परत येऊन घड्याळ पाहिलं, स्टाइनारच्या दोन्ही डोळ्यांत पुन्हा थेंब टाकले आणि त्याला दंडाला धरून उठवलं. "चल, मालक. बोट तयार आहे."

गुन्वोर साचा छातीशी धरून दारातच उभी होती. स्टाइनारला वाट द्यायला ती बाजूला झाली, आणि सवयीने, मान वर करून त्याच्या डोळ्यांत तिने पाहिलं. उजव्या डोळ्याच्या कडेला दोन जांभळ्या रेघा. डाव्याला काही नाही.

तिने तोंड उघडलं.

"सुन्निवा!" आतून हालवर्डची हाक आली. त्या हाकेत अजून मघाच्या हसण्याची ऊब होती. "आण आपल्या खलाशाला."

गुन्वोरने तोंड मिटलं. तोच बघेल, तिला वाटलं. मायक्रोस्कोपखाली डोकं घालेल आणि म्हणेल, 'सुन्निवा, डाव्याची खूण कुठाय?' वरच्या पट्टीत नाही, नुसतं सरळ, कोरडं. तेवढं एक वाक्य तिला ऐकायचं होतं. एकदाच. मग काढतील रेघ. त्याला कितीसा वेळ लागतो?

तिने साचा टेबलावर ठेवला आणि नातेवाइकांसाठी भिंतीत बसवलेल्या काचेपाशी जाऊन उभी राहिली. स्टाइनारबरोबर कोणी आलं नव्हतं. बाक रिकामा होता.

*

उजवा डोळा सुरळीत झाला. पातं बसवलेलं यंत्र, ज्याला क्लिनिकमध्ये सगळे रंधा म्हणत कारण ते चीज सोलायच्या रंध्यासारखंच सरकायचं, गुणगुणत पुढे गेलं आणि मागे आलं. पान उलटलं, लेसर टकटकला, पान मिटलं. काचेच्या फटीतून केस जळाल्यासारखा ओळखीचा वास आला. सुन्निवाने पाण्याची नळी हालवर्डने मागायच्या आत पुढे केली. गुन्वोरने दुसरीकडे बघितलं.

मग डावा.

हालवर्ड मायक्रोस्कोपवर वाकला. आता, गुन्वोरला वाटलं. हालवर्ड किंचित थबकला. पण शाई कधी कधी थेंबांनी पुसट होते, त्यालाही ते माहीत होतं, आणि त्या रेघेची गरज त्याला कधी पडली नव्हती. त्याने डोळा घट्ट धरणारं कडं दाबून बसवलं.

गुन्वोरचा हात काचेवर आला. अजून वेळ होता. काचेवर एक टकटक केली असती तरी पुरे होतं. रंधा गुणगुणला, पुढे गेला, मागे आला.

आणि मग ती शांतता, जी चौदा वर्षांत तिने इथे ऐकली नव्हती.

"पापुद्रा नाहीये," हालवर्ड म्हणाला. आवाज अगदी साधा, वाण्याने साखर संपली म्हणावं तसा. "सुटलाय."

सुन्निवाच्या हातात रंध्याचं डोकं होतं. दर वेळी ते वापरल्यावर पाण्याच्या वाटीत जायचं. तिचा हात वाटीकडे निघालाही होता.

गुन्वोरने काचेवर मूठ आपटली. दुखऱ्या हाताची.

"पाण्यात टाकू नकोस! तो त्याच्यातच आहे!"

सुन्निवाचा हात वाटीच्या वर हवेत थांबला. गुन्वोर दाराजवळच्या खोक्यातून टोपी आणि मास्क ओढत, निर्जंतुक हातमोजे चढवत आत शिरली. सुन्निवाच्या हातून तिने रंध्याचं डोकं घेतलं आणि दिव्याखाली धरलं. पात्याच्या कडेला, ओल्या काचेवर चिकटलेल्या कांद्याच्या सालीहूनही पातळ असं काहीतरी होतं. शर्टाच्या बटणाएवढं. आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही. या माणसाचं बघणं. तिने श्वास रोखला, चपट्या चिमट्याने ते सोडवलं आणि वरची बाजू वरच ठेवत ओल्या बशीतल्या थेंबावर अलगद उतरवलं. मनगटातून कोपरापर्यंत कळ गेली.

"काय झालं?" स्टाइनारने विचारलं. तो हलला नव्हता, पण त्याची बोटं चादर चुरगळत होती.

"डोळ्यावरचं पान आपल्याला मिटायचं असतं, डोळा चपटा असल्याने ते पूर्ण सुटून आलंय," हालवर्ड म्हणाला. "आमच्याकडे नीट आहे. परत बसवायचं आहे, त्याला थोडा जास्त वेळ लागेल. तू नुसता पडून राहा."

"जास्त म्हणजे?"

"एक कप कॉफीइतका."

"मी आंधळा होणार का?"

सुन्निवाने त्याचा हात धरला. "नाही," ती म्हणाली. "तू कंटाळणार आहेस."

स्टाइनारच्या छातीतून अर्धवट हसू फुटलं आणि चादर सुटली. असं उत्तर आपल्याला सुचलं नसतं हे गुन्वोरला कळलं, आणि याही घटकेला ते तिला टोचलं. माणसाच्या मनाला काळवेळ म्हणून नसते.

हालवर्ड खालचा थर बराच वेळ बघत होता. "कापलंय गुळगुळीत. लेसर मारता येईल. पण मारला काय, न मारला काय, पापुद्रा मूळ जागी बसायला हवा. एवढासाही फिरला तर याला प्रत्येक दिव्याला दोन दिवे दिसतील." त्याने मान वर केली. "रेघ कुठाय?"

मास्कच्या वर सुन्निवाचे डोळे मोठे झाले, आणि डोळ्यांभोवतीचा रंग उतरत गेला. गुन्वोरने हे पाहिलं. हेच वाक्य ऐकायला ती काचेपाशी उभी राहिली होती. अगदी तसंच आलं होतं, सरळ आणि कोरडं.

"धुऊन गेली असेल," गुन्वोर म्हणाली. "थेंब जास्त पडले."

मग लगेच, कोणी दुसरं काही विचारायच्या आत, "थांबा. त्याच्या पापुद्र्यात डाग आहे. माझ्याकडे काढलेला आहे."

हातमोजा काढून तिने खिशातून वही काढली, पान उघडून मायक्रोस्कोपशेजारी हालवर्डला दिसेल अशी धरली. हालवर्डने आधी लेसर मारला, पंचवीस टकटक, तोवर सुन्निवा स्टाइनारला हिरव्या दिव्याकडे बघायला सांगत राहिली, मूल झोपवावं तशा सुरात. मग गुन्वोरने बशी पुढे केली आणि हालवर्डने पापुद्रा उचलून डोळ्यावर तरंगता ठेवला.

"दिसला," तो म्हणाला. "करडा ठिपका. तू म्हणतेस खाली, नाकाकडे." त्याने वहीकडे तिरका डोळा टाकला आणि ब्रशच्या टोकाने पापुद्रा हळूहळू फिरवला. ठिपका साताच्या जागेकडे सरकू लागला.

ही दिशा चुकीची होती. दिव्यापाशी ती पेशंटच्या समोर बसते. इथे हालवर्ड पेशंटच्या डोक्यामागे बसला होता. त्याला सगळं उलटं दिसत होतं, कपाळ खाली आणि नाक वर. एरवी हे तो झोपेतही विसरला नसता.

"हालवर्ड," ती म्हणाली, आणि हातातली वही संथपणे उलटी फिरवली. वरचं खाली, खालचं वर. ठिपका साताच्या जागेवरून एकाच्या जागी गेला.

हालवर्डने वहीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. कपाळावरून एक घामाचा थेंब निघाला होता, तो सुन्निवाने टिपला.

"हो," तो म्हणाला. "हो. हे तर..." आणि पुढे न बोलता पापुद्रा उलट दिशेने फिरवू लागला.

एका जागी कडा कडेला मिळाली. जणू ती जागा पापुद्र्यालाच ठाऊक होती. मग ते तिघं पाच मिनिटं, घड्याळ लावून, काहीही न करता तो वाळायची वाट बघत राहिले. सगळ्यांत अवघड काम तेच होतं. स्टाइनार म्हणाला, "आता कंटाळलो," आणि कोणीतरी हसलं. शेवटी हालवर्डने वरून एक मऊ लेन्स टोपीसारखी बसवली आणि स्वतःचे हातमोजे काढले. हात त्याने कोटाच्या खिशात घातले.

*

शुक्रवारी सकाळी स्टाइनार नऊच्या आधीच पायरीवर उभा होता. हालवर्डने त्याला दिव्यापाशी बसवून डावा डोळा इतका वेळ पाहिला की गुन्वोरने दोनदा आत येऊन उगाचच पडदा सारखा केला.

"जागेवर आहे," हालवर्ड म्हणाला. "सुरकुती नाही. वाच बघू."

डाव्या डोळ्याने स्टाइनारने वरच्या चार ओळी घडाघडा वाचल्या, पाचवी अडखळत, सहावीतली दोन अक्षरं चुकली. "धुकं आहे जरा. पण एकाचे दोन नाही दिसत."

"धुकं जाईल. दोन आठवड्यांत आणखी दोन ओळी येतील, आणि जूनपर्यंत तू मला लाजवशील. नाहीच गेलं तर आपण पुन्हा बघू. डोळा वाचलाय, एवढं आज नक्की."

स्टाइनार जाता जाता गुन्वोरसमोर थांबला. त्याने आपला गोदीतला काळा हात पुढे केला, मग तिचं मनगट आठवून मागे घेतला आणि नुसती मान झुकवली. तेही कोणीतरी त्याला सांगितलं असणार. कोणी, ते उघड होतं.

दहा वाजता हालवर्ड स्वयंपाकघरात डोकावला. गुन्वोर पीठ फेटत होती.

"सोमवारपासून आत ये," तो म्हणाला. "मनगटाचं काय ते बघू. सुन्निवा काही दिवस बाहेर तपासणी करेल, तिलाही शिकायला मिळेल. स्टूल खाली करून ठेवलंय मी."

गुन्वोर पीठ फेटत राहिली.

"आणि काल रात्री मला झोप आली नाही," हालवर्ड पुढे म्हणाला. "रेघ नव्हती हे मी बघितलं होतं गुन्वोर. पुसली असेल म्हणून पुढे गेलो. सुन्निवाने संध्याकाळीच येऊन सांगितलं की तिने काढलीच नव्हती. आणि तू मात्र तिला पाठीशी घातलंस." त्याने तिच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. "चौदा वर्षं झाली. तरी माणूस पूर्ण कळत नाही."

"नाही कळत," गुन्वोर म्हणाली.

तो गेला. तिने साचा तापत ठेवला. तिला हवं होतं ते सगळं मिळालं होतं: स्टूल, तेही तिच्या मापाला उतरवलेलं, आणि डॉक्टरचा हात खांद्यावर. पहिलं वॉफल चिकटलं. पहिलं नेहमीच चिकटतं, तरी तिने ते रागाने खरवडलं.

"देऊ का मदत?" सुन्निवा दारात होती. डोळे सुजलेले, पण केस व्यवस्थित बांधलेले.

"मलईची वाटी काढ. आणि जॅम."

सुन्निवाने दोन्ही काढलं, बशा मांडल्या. मग बशांकडे बघतच म्हणाली, "तू माझ्यासाठी खोटं बोललीस."

"साच्यावर लक्ष ठेव. धूर येतोय."

"मी सांगून टाकलं हालवर्डला. मला ते जमेना. पण तू बोललीस, ते मी विसरणार नाही." तिने चमचा पुसला, ठेवला, पुन्हा उचलून पुसला. "रात्रभर मी तेच आठवत होते, कशी राहिली रेघ? साचा काढून दिला, परत आले, आणि माझ्या डोक्यात पक्कं होतं की दोन्ही झालेत. जराही शंका नाही. का, ते शेवटी पहाटे लक्षात आलं."

गुन्वोरने पीठ पुन्हा ढवळलं.

"तू दारात उभी होतीस ना. त्याला आत नेताना तू त्याच्या डोळ्यांत बघितलंस, तुझ्या त्या पद्धतीने, आधी उजवा, मग डावा. मला दिसलं. आणि मला एकदम हायसं वाटलं. म्हटलं, गुन्वोरने बघितलंय. काही राहिलं असतं तर ती बोलली असती." सुन्निवा कसंनुसं हसली. "म्हणजे दोष तुझा नाही हं. घाईत तुला कुठून दिसणार? मीच आयती तुझ्यावर विसंबले."

साच्यातून वाफ सुं करत बाहेर पडत होती. गुन्वोरने झाकण उघडलं. बदामाच्या आकाराच्या पाच पाकळ्या, एकाला एक चिकटलेल्या, छान तांबूस. तिने त्या थाळीत उतरवल्या, साच्याला पुन्हा लोणी लावलं, पीठ ओतलं, झाकण लावलं. सगळं डाव्या हाताने.

मग तिने खिशातून वही काढली. स्टाइनारचं पान उघडायला शोधावं लागलं नाही, तिथेच मिठाच्या पाण्याचं बोट उमटलं होतं. या वहीत तिने आजवर दिसलं ते लिहिलं होतं, न दिसलेलं कधी नाही आणि दिसलेलं गाळूनही कधी नाही. पेन्सिलीचं टोक तिने जिभेला लावलं आणि डाव्या डोळ्याच्या वर्तुळाखाली, डागाच्या ओळीनंतर, बारीक अक्षरांत एक ओळ लिहिली. वेळ घातली, कालची: अकराला दहा कमी. 'रेघ नाही. दारात पाहिलं.' खाली सही केली, जी ती एरवी वहीत कधी करत नसे.

सुन्निवा दुसऱ्या बाजूला बशा पुसत होती.

गुन्वोरने वही उघडीच टेबलावर ठेवली आणि मलईच्या वाटीशेजारून पुढे सरकवली. सुन्निवाच्या बाजूने अक्षरं उलटी होती.

"हे काय?" सुन्निवाने विचारलं.

गुन्वोर साच्याकडे वळली. झाकण उघडायला अजून मिनिटभर होतं, तरी तिने मुठीवर हात ठेवला. मागे सुन्निवाने फडक्याला हात पुसले, नीट, दोन्ही हात, एकेक बोट. या मुलीच्या हातून काही सांडत नाही, गुन्वोरच्या मनात आलं, आणि तिने कान देऊन ऐकलं: टेबलाच्या लाकडावरून कागद घासला गेला, एकदा, अर्धवर्तुळात. सुन्निवाने वही आपल्याकडे सरळ फिरवली होती.